उणे सव्वादोन

सम्मेद मगदूमला लहानपणापासून एक खोड होती. एखादी गोष्ट कळली नाही, तरी तो ती कळल्यासारखा चेहरा करायचा. शाळेत हे खपून गेलं, इंजिनिअरिंगला खपून गेलं, आणि कुपवाडच्या एमआयडीसीत चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात नोकरी लागल्यावर तर इतकं बेमालूम खपलं की लोक त्याला हुशार म्हणायला लागले. हुशार म्हणवून घेण्यात एक अडचण असते. त्यानंतर माणसाला कुणाला काही विचारता येत नाही.

कारखाना वर्धमानशेठ उपाध्यांचा. सांगली-साताऱ्याकडचे चष्मेवाले फोनवरून नंबर कळवायचे आणि इथून काचा घासून त्यांना जायच्या. त्यासाठीचा संगणक शेठनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या कंपनीकडून फार वर्षांपूर्वी उचलला होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माऊसचा पत्ता नाही, पण गडी कधी रुसला नाही. पुढं शेठनी आईच्या स्मरणार्थ गावोगाव फुकट नेत्रशिबिरं भरवायला सुरुवात केली आणि शेकड्यांनी नंबर येऊन पडायला लागले. सुंदरी नावाची मुलगी ते जुन्या संगणकात भरायची, पण त्यातून एकेक चिठ्ठी छापता छापता अख्खा दिवस मोडायचा. शेवटी शेठनी सम्मेदला सांगितलं की जुन्यातले नंबर उचलून नव्या संगणकावरून झटपट चिठ्ठ्या निघतील असं काहीतरी कर.

सम्मेदनं जुन्यातली माहिती उघडून बघितली. आकडे होते, पण प्रत्येकाच्या शेपटाला काहीतरी चिकटलेलं. सव्वादोनचा नंबर ०२२५ असा दिसायला हवा, तर तिथं ०२२ आणि पुढं इंग्रजीतला एन. कुठं एनच्या जागी ई. दीडच्या शेवटी शून्य असायचं, तिथं महिरपी कंस, काही उघडणारे, काही मिटणारे. आता चष्म्याचा नंबर पाव-पावानं चढतो, म्हणजे शेवटचा अंक शून्य नाहीतर पाच, तिसरं काही येतच नाही. सम्मेदनं ताडलं की कंस म्हणजे शून्य आणि अक्षर म्हणजे पाच. मग एक ओळ लिहून त्यानं सगळे कंस शून्य केले आणि सगळी अक्षरं पाच करून टाकली. आकडे धुतल्यासारखे स्वच्छ झाले, आणि हा स्वतःवरच खूश झाला.

शेठनी मागं उभं राहून विचारलं होतं की ती अक्षरं कसली होती रं. न कळल्यासारखा चेहरा सम्मेदला जमत नव्हताच. तो म्हणाला की जुन्या यंत्राचा कचरा आहे, साफ केला. त्यानं पडताळाही घेतला, नाही असं नाही. सांगलीतल्या एका शिबिरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे नंबर घेतले, नव्या चिठ्ठ्यांशी जुळवले, एकूण एक बरोबर निघाले. शेठनी त्याच्या फोटोचा फ्लेक्स गेटवर लावला. त्याची आई आक्काताई जैन मंदिरात, बसदीत, भेटेल त्या बाईला सांगत सुटली की आमचा सम्मेद लोकांना डोळे देतो. पाणी गाळून पिणारी बाई ती, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी. पोरानं काय करून ठेवलंय याची तिला काय कल्पना?

साताऱ्याहून भाऊसोंचा फोन आला तेव्हा सगळं फुटलं. भाऊसोंचं साताऱ्यात चष्म्याचं जुनं दुकान. रहिमतपूरच्या शिबिरात चष्मा मिळालेला एक कॉलेजचा पोरगा त्यांच्याकडं आला होता, म्हणे चष्मा घातला की बसचा बोर्डसुद्धा वाचता येत नाही. भाऊसोंनी काच यंत्रावर मोजली. नंबर बरोबर दीड, पण उणे दीड पाहिजे तिथं अधिक दीड. भाऊसो फोनवर शांतपणे म्हणाले की ज्याला लांबचं दिसत नाही त्याला तुम्ही जवळचं वाचायचा चष्मा दिलाय, आहे तेही दिसायचं बंद केलंय.

आणि सम्मेद काय म्हणाला? म्हणाला, भरणाऱ्या पोरीनं चुकवलं असेल. हे वाक्य त्याच्या तोंडातून इतक्या सहज गेलं की त्याचं त्यालाच नंतर नवल वाटलं. शेठनी सुंदरीला बोलावून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ती म्हणाली, मी बघून भरते, दोनदा बघते. कुणी ऐकलं नाही. ती डोळे पुसत जागेवर जाऊन बसली आणि पुन्हा नंबर भरायला लागली.

दुपारी जेवणाचा डबा बाजूला सारून सम्मेद त्या जुन्या यंत्राविषयी कधी नव्हे ते वाचत बसला. जुन्या यंत्रात आकडे लिहायची रीतच निराळी होती. आकड्याच्या आधी उण्याची आडवी रेघ काढून एक जागा वाया कशाला घालवायची, म्हणून चिन्ह शेवटच्या अंकाच्या अंगावरच चढवायचे. उणे पाच असेल तर तिथं एन दिसणार, अधिक पाच असेल तर ई. उणे शून्याला मिटणारा कंस, अधिक शून्याला उघडणारा. झोन्ड डेसिमल म्हणतात त्याला. परीक्षेत यावर दोन मार्कांचा प्रश्न आला होता आणि सम्मेदला दोन्ही मार्क मिळाले होते. उसाच्या ट्रॉलीच्या शेपटाला लाल फडकं बांधतात, ते बघून मागचा गाडीवाला सावध होतो. सम्मेदनं ते फडकंच मळकं म्हणून सोडून फेकलं होतं.

म्हाताऱ्यांना वाचायला अधिकाचा चष्मा लागतो, म्हणून त्याचा पडताळा बरोबर आला. कारखान्यातही काच तपासत होते, पण तपासायचे कशाशी ताडून? तर सम्मेदच्याच चिठ्ठीशी. दुकानदारांची कामं अजून जुन्याच वाटेनं निघत होती, त्यामुळं तीही सुखरूप. मार पडला तो फक्त शिबिरातल्या उण्याच्या नंबरवाल्यांना. म्हणजे बहुतेक शाळेतल्या पोरांना.

त्यानं शेठना एकट्याला गाठून सांगितलं. शेठनी आईच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले की रहिमतपूरचं भाऊसो गुपचूप बदलून देतील, राहिलं जतकडचं गाव. तिथल्या शाळेनं तर सत्कार ठेवलाय. मी यायचं कबूल केलं होतं, पण आता माझा पाय उचलत नाही, तू जा. नवे चष्मे घेऊन जा, जुने गोळा कर, आणि चुकीबद्दल शब्द काढू नकोस. नवी भारी काच आली म्हणून बदलून देतोय म्हण. आईचं नाव आहे त्या शिबिराला.

सम्मेदनं मान डोलावली. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. सुंदरीला खरं काय ते सांगायचं राहिलंच, आणि राहिलं असं तरी कसं म्हणावं, ती शेजारच्याच टेबलावर बसायची. चष्मे नाकावर नीट बसवून द्यायचं काम तिच्याकडं होतं, म्हणून त्या दिवशी गाडीत तीही होती, मांडीवर नव्या चष्म्यांचं खोकं घेऊन. कवठेमहांकाळ मागं पडलं, द्राक्षाच्या बागा विरळ होत गेल्या, जतच्या पुढं तर नुसती ज्वारीची खुंटं आणि रस्ता अडवून चाललेली मेंढरं. सुंदरी वाटेत एकदाच बोलली. तिनं विचारलं की हे चष्मे मी चुकवलेलेच ना. सम्मेद खिडकीबाहेर बघत म्हणाला, जाऊ दे आता ते.

शाळेपुढच्या लिंबाखाली मंडप घातला होता. पाण्याचा टँकर येऊन गेला होता आणि मंडपापुढं सडा पडला होता. ज्या गावात घागरीसाठी रांगा लागतात तिथं पाहुण्यासाठी सडा घालतात, हे बघून सम्मेदला गाडीतून उतरवेना. हेडमास्तर पुढं आले. शेठ येणार नाहीत कळल्यावर त्यांचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. मंडपात टेकवून ठेवलेल्या फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, दृष्टिदाते माननीय वर्धमान उपाध्ये साहेब यांचे हार्दिक स्वागत. हेडमास्तरांनी एका मास्तरांना खुणावलं. मास्तरांनी नाव तेवढं पुसलं आणि त्या जागी घाईघाईनं लिहिलं, सम्मेद मगदूम. मुली तेव्हा शाळेच्या मागं स्वागतगीताचा सराव करत होत्या. मंडपात मोठी माणसंच होती.

पहिली भेटली ती बयाबाई. हातात काठी, नाकावर शिबिरातला चष्मा. तिनं सम्मेदच्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली आणि सांगायला लागली की किती वर्षांनी सुईत दोरा ओवता आला, तांदळातला खडा दिसला. तिचा नंबर अधिकाचा, तिचा चष्मा अगदी बरोबर होता. सगळ्या गावात ती चष्मा दाखवत हिंडली होती, आणि सत्काराची कल्पनाही तिच्याच पोराची, नाथाजीची. नाथाजी मेंढरं राखायचा, बोलायला कमी, पण आज डोक्याला नवं मुंडासं बांधून आला होता.

"तुमी आमच्या म्हातारीला डोळं दिलं," तो म्हणाला. "पोरीलाबी दिलं, पर पोरगी लई हट्टी. म्हन्ती दिसत न्हाई. म्हातारीला दिसतंय आनि हिला दिसत न्हाई, आसं कुटं आसतंय व्हय?"

बयाबाई हसून म्हणाली की पोरगी सारखी चष्मा काढून ठेवायची, हरवंल म्हणून मीच इलॅस्टिकची पट्टी शिवली दोन्ही दांड्यांना, आता डोक्यामागनं घट्ट बसतो, निघायचं नाव नाही. ज्या सुईत तिला दोरा ओवता आला होता त्याच सुईनं ती पट्टी शिवली होती. त्या बाईच्या कौतुकाला काय म्हणावं ते सम्मेदला कळेना. त्यानं कळल्यासारखा चेहरा केला.

कार्यक्रम सुरू झाला. गावचे चार लोक बोलले. एकानं सांगितलं की शहरातली माणसं आपल्याकडं मतं मागायला येतात, ही पहिली माणसं काहीतरी द्यायला आली. टाळ्या पडल्या. सम्मेद खुर्चीत बसून खाली आपल्या बुटांकडं बघत होता. समोर मुलं रांगेनं बसली होती, आणि ज्यांना चष्मे मिळाले होते ती सगळी पुढं, चष्मे घालून, मान थोडी वर करून. सम्मेदला वाटलं, ही मुलं माझ्याकडं बघतायत. मग लक्षात आलं की यातल्या कुणालाच माझं तोंड दिसत नाही. या विचारानं त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून त्याची त्यालाच किळस आली.

शाल, श्रीफळ आणि फेटा ताटात तयार होता. हेडमास्तर म्हणाले की सत्काराआधी आपण चष्म्याचं प्रत्यक्ष फळ बघू या. स्वप्नाली नाथाजी, पुढं ये बाळ. फळ्यावर काय लिहिलंय ते पाहुण्यांना वाचून दाखव.

सातवीतली असेल. काळीसावळी, तेल लावून घट्ट वेण्या, आणि वेण्यांवरून डोक्यामागं गेलेली ती पांढरी पट्टी. ती येऊन फळ्यापासून लांब उभी राहिली, जिथं हेडमास्तरांनी खडूनं रेघ मारली होती तिथं. हात मागं बांधले. फळ्याकडं तोंड केलं आणि शाळेत कविता म्हणतात तशा एका सुरात तिनं खणखणीत वाचलं.

"दृष्टिदाते माननीय वर्धमान उपाध्ये साहेब यांचे हार्दिक स्वागत."

मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तर कसंनुसं हसून म्हणाले की परत वाच, नीट बघून वाच. पोरगी गोंधळली. तिनं डोळे बारीक केले, मान पुढं काढली, आणि तेच नाव पुन्हा वाचलं, यावेळी हळू. फळा तिनं सकाळी पाठ केला होता. जवळ जाऊन, नाक लावून, एकेक अक्षर. रोजचे फळे ती असेच पाठ करत असणार, हे सम्मेदला त्याच क्षणी कळलं, आणि यावेळी खरोखरच कळलं.

नाथाजी रांगेतून उठला. मुंडासं सारखं करत पुढं आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळं तो जास्त लागला.

"नाटकं करतीय बगा, साहेब. फुकाट मिळाल्यालं हाय म्हनून किंमत न्हाई. पयल्या दिसापासनं हेच. एकदा हात उचलला तवा गप बसली. आज पावन्यांसमोर पुन्ना काडली नाटकं." मग पोरीकडं वळून म्हणाला, "खोटं बोलून तुला काय मिळतंय गं?"

पोरगी रडली नाही. ती चष्म्यातून जमिनीकडं बघत उभी राहिली. तिचे डोळे त्या काचांतून मोठे मोठे दिसत होते, म्हाताऱ्यांचे दिसतात तसे. हेडमास्तरांनी वेळ मारून नेण्यासाठी शालीचं ताट उचललं. सगळं सोपं होतं. शाल अंगावर घ्यायची, दोन शब्द बोलायचे, नवी भारी काच आलीय म्हणायचं, चष्मे वाटायचे. पोरीला नव्या चष्म्यातून दिसायला लागलं असतं आणि गावानं म्हटलं असतं, बघा, पाहुण्यांसमोर अब्रू गेली तशी सुधारली. आयुष्यभर ती खोटारडीच राहिली असती, आणि हा दृष्टिदाता.

शाल खांद्याला लागली तसा सम्मेद उठला. शाल घसरून खुर्चीत पडली. त्यानं तयारी केलेलं सगळं भाषण शुद्ध पुस्तकी मराठीत होतं, पण तोंडातून बाहेर पडली ती घरची बोली.

"ती खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. "तिला खरंच दिसत न्हाई. तिचा चष्मा उलटा हाय. उणे सव्वादोन पायजे, आमी अधिक सव्वादोन दिला. तो घातला की दिसतंय तेबी दिसायचं बंद हुतं. ती पयल्या दिवसापासनं खरं सांगत हुती."

कुणाला काही समजलं नाही. हेडमास्तर म्हणाले की होतं हो, यंत्राची चूक असते. सम्मेदला ही फट दिसली. यंत्र बिचारं काय बोलणार होतं? पण त्या यंत्रानं तर प्रत्येक आकड्याच्या शेवटी न चुकता चिन्ह लिहून ठेवलं होतं.

"यंत्राची न्हाई, माझी. यंत्रानं बरोबर सांगितलं हुतं, मला वाचता आलं न्हाई. मी कुणाला इचारलं न्हाई, घाण समजून पुसून टाकलं." सुंदरी खोकं धरून मंडपाच्या कडेला उभी होती, तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "आनि वर हिच्यावर ढकललं. सुंदरीनं एक नंबर चुकवलेला न्हाई."

सुंदरीनं खोकं खाली ठेवलं आणि पदरानं त्याच्यावरची धूळ झटकत बसली, झटकण्याइतकी धूळ त्याच्यावर नव्हती तरी.

सम्मेदला वाटलं होतं की लोक चिडतील. कुणीतरी शिवी देईल, निदान कुणी उठून जाईल, आणि मग आपल्याला थोडं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. एक म्हातारा पुढं सरकून समजुतीच्या सुरात म्हणाला की असूंदे साहेब, तुमी येवढं लांबनं आलासा, फुकाट दिलंसा, चूक मानसाकडनंच व्हायची. दोघा-तिघांनी मान डोलावली. हेडमास्तरांनी तर शाल पुन्हा उचलली. त्या माफीनं सम्मेदला जितकं खाली बघायला लावलं तितकं शिवीनं लावलं नसतं. फुकट मिळालेल्याला नावं ठेवायची नाहीत, ही या माणसांची रीत होती. त्याच रीतीपायी या पोरीनं मार खाल्ला होता.

मग सम्मेदनं मुलांना सांगितलं की ज्यांना चष्मा घालून लांबचं दिसत नाही त्यांनी चष्मे काढून इथं टेबलावर आणून ठेवा. त्याला वाटलं, मुलं बिचकतील, एकेकाला विचारावं लागेल. पण पुढची अख्खी रांग एकदम उठली. कुणी कुणाकडं बघितलं नाही. एकेक जण येत होता, चष्मा ठेवत होता आणि डोळे चोळत जागेवर जाऊन बसत होता. काचा कोऱ्या होत्या, एकीवरही चरा नाही, काहींच्या दांड्यांना अजून प्लास्टिक तसंच होतं. म्हणजे चष्मे दप्तरातच राहायचे आणि मोठं माणूस दिसलं की डोळ्यांवर चढायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. स्वप्नालीला पहिल्या दिवशी काय मिळालं ते बघून बाकीच्यांनी खरं बोलायचा नाद सोडला होता. सगळा वेळ तो चष्मा घालून फिरली ती एकटी, कारण तिचा शिवलेला होता.

ती अजून रेघेवरच उभी होती. तिच्याच्यानं चष्मा निघत नव्हता. नाथाजी पुढं झाला. त्याची जाड बोटं पट्टीशी झटापट करायला लागली, गाठ सुटेना. शेवटी बयाबाईनं त्याचे हात बाजूला केले, आपल्या चष्म्यातून वाकून बघितलं आणि आपणच घातलेले टाके एकेक करून दातानं तोडले. पट्टीखाली पोरीच्या कानामागं वळ उठला होता. म्हातारीनं त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिली.

नाथाजी म्हणाला, "येकदा न्हाई, दोनदा हात उचलला हुता." हे तो कुणाला सांगत होता ते कळलं नाही. सम्मेदकडं तर तो बघत नव्हता.

सुंदरीनं खोक्यातून स्वप्नालीचा नवा चष्मा काढला, फडक्यानं पुसला, तिच्या नाकावर बसवला, कानामागं दांड्या अलगद सारख्या केल्या. पोरीनं पहिल्यांदा वर बघितलं, लिंबाकडं. मग मंडपाच्या कापडाकडं, मग माणसांकडं. ती इतका वेळ नुसती बघत राहिली की हेडमास्तर अस्वस्थ झाले. काहीतरी करायचं म्हणून, सवयीनं, ते म्हणाले, "हं, वाच बाळ आता."

वाचू नको म्हणायला सम्मेदनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी तिनं सुरुवात केली होती. यावेळी कवितेचा सूर नव्हता. एकेक अक्षर बघून, अडखळत, खरंखुरं वाचत होती.

"दृष्टि... दाते... माननीय... सम्मेद... मगदूम... साहेब यांचे... हार्दिक स्वागत."

हेडमास्तरांनी टाळी वाजवली. एकच वाजली, दुसरी त्यांच्याच्यानं वाजवली गेली नाही. पोरगी वडिलांकडं वळून म्हणाली, "बरोबर वाचलं न्हवं, आप्पा?" नाथाजीनं मुंडासं काढून हातात घेतलं आणि नुसती मान हलवली.

सम्मेदनं डस्टर मागितलं. हेडमास्तर म्हणाले, राहू द्या हो साहेब, कशाला. कुणी हललं नाही. शेवटी स्वप्नालीच गेली, फळ्याखाली पडलेलं डस्टर तिला लांबूनच दिसलं होतं. तिनं ते आणून त्याच्या हातात दिलं. हसली नाही, रागावलेलीही नव्हती.

त्यानं आधी नाव पुसलं, मग साहेब पुसलं, मग सुरुवातीचा तो मोठा शब्द, आणि शेवटी सगळी ओळच. खडूच तो, पटकन निघाला. फळा कोरा झाला तरी तो हात फिरवत राहिला, कारण मागं वळलं की आता मुलांना त्याचं तोंड दिसणार होतं, आणि सुंदरी एकेका पोराच्या नाकावर नवा चष्मा बसवत चालली होती.